लेकीचं बोट

"मग मॅडम, लहान की मोठं?" त्या सेल्समननं एवढंच विचारलं आणि माझी वाचाच बसली. प्रश्न साधा होता. गाडी तीच, पांढरा रंग तोच, आतली बसायची जागाही तेवढीच. फक्त एका गाडीत एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन आणि दुसरीत दीड लिटरचं, चार सिलिंडरचं. शर्टावरच्या पट्टीवर सम्राट असं नाव असलेला तो माणूस हातात टॅबलेट घेऊन उभा होता. उत्तर मिळालं की त्याला एका चौकटीत खूण करायची होती, पण मला उत्तरच येईना. मी शांभवी, वय वर्षं चव्वेचाळीस, शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासनीस. बावीस वर्षं मी इंजिनाचे ब्लॉक हातोडीनं ठोकून बघते आहे. लोखंड टण्ण बोललं तर पास, ठप्प बोललं तर आत कुठंतरी चीर आहे. दिवसाला दोनशे ब्लॉक माझ्या हाताखालून जातात आणि त्यांतल्या एकाही ब्लॉकनं मला कधी गप्प केलेलं नाही. त्या दिवशी मात्र हायवेवरच्या त्या गार शोरूममध्ये मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते भलतंच. "अप्पांना विचारून सांगते." सम्राट समजूतदारपणे हसला. घरच्या थोरामोठ्यांना विचारणारी गिऱ्हाइकं त्याला रोजच भेटत असणार. दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर शनिवारपर्यंत सांगा, एवढं तो म्हणाला. स्कूटरला किल्ली लावताना मला कळलं, मी काय बोलून बसले ते. कारण लहान की मोठं, या प्रश्नाला माझ्या अप्पांनी चौतीस वर्षांत कुणालाही उत्तर दिलेलं नव्हतं.

खरं म्हणजे मी आधीच हलले होते. सम्राटनं लहान इंजिनाच्या गाडीचं बॉनेट उचललं तेव्हाच. ब्लॉक मी रोज बघते, पण ते नुसते सांगाडे, रिकामे, थंड. त्यांच्यात पुढं जीव कसा येतो ते आमच्या खात्यात दिसत नाही. इथं तो पूर्ण जोडलेला, नळ्या-तारांत गुरफटलेला, झाकणाखाली बसलेला होता, आणि इतका लहान होता की मी वाकून त्याच्या मागं अजून काही आहे का ते बघितलं. मागं काही नव्हतं. "शंभर घोडे आहेत मॅडम यात," सम्राट म्हणाला, आणि मला एकदम आठ घोड्यांचं एक इंजिन आठवलं, ज्याला हलवायला सहा माणसं लागायची. आठाला सहा माणसं, आणि हे शंभर घोडे घरातल्या लोखंडी ट्रंकेएवढ्या जागेत मुकाट बसले होते. देवळात अचानक गाभाऱ्याचं दार उघडावं आणि आपण तयार नसावं, तसं काहीतरी मला झालं. मग त्यानं मोठ्या इंजिनाची गाडी चालू केली. तिचा आवाज चार पायांचा होता, सलग, कुठं न अडखळणारा. तो कानात शिरला आणि पोटापर्यंत उतरला. मी हात मागं बांधून उभी राहिले. मला बोट दाखवायचं नव्हतं.

बोटाचं सांगायला हवं. माझे वडील गुरुपाद, त्यांना मी अप्पा म्हणते, हे ऑइल इंजिनाचे फिटर. शिरोळच्या बाजूला कृष्णेच्या काठानं जेवढी इंजिनं पाणी उपसत होती, त्यांतली निम्मी अप्पांनी बसवलेली, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाईक गावाकडून यायचं, अप्पांना घेऊन शाहूपुरीतल्या दुकानात जायचं, आणि अप्पा शाळेला सुटी असली की मला सायकलच्या नळीवर बसवून बरोबर न्यायचे. दुकानात इंजिनं ओळीनं मांडलेली असायची, हिरवी, करडी, दोन्ही बाजूंना जड चाकं असलेली, ग्रीसच्या वासाची. गिऱ्हाईक विचारायचं, पाच घोड्यांचं घेऊ का आठाचं? अप्पा त्याच्याशी विहिरीची खोली, नदीचं अंतर, उसाचं रान असलं काहीबाही बोलायचे, इंजिनांभोवती फिरायचे, आणि शेवटी मला पुढं उभी करून म्हणायचे, "शांभू, ल्हान का थोरलं?" मी बोट दाखवायची. ते बोट पडेल तेच इंजिन गाडीवर चढायचं. "लेकीचं बोट लागलं की इंजान बंद पडत न्हाय," अप्पा सांगायचे आणि गिऱ्हाईक मान डोलवून मला दहा पैशाच्या गोळ्या घेऊन द्यायचं. ही आमची रीतच होऊन गेली. पुढं लोक येतानाच म्हणायचे, पोरगीला आणा हं गुरुपादअण्णा. मी दहा वर्षांची होईतो अशी पंचवीस-तीस इंजिनं निवडली असतील आणि त्यांतलं एकही बंद पडलं नव्हतं. माझ्या उजव्या हाताच्या या बोटात काहीतरी आहे अशी माझी पक्की खात्री होती. जेवताना मी ते वेगळं धरायची. शाळेत मास्तरांनी पट्टी मारायला हात पुढं कर म्हटलं की डावा करायची.

आणि मग अप्पा इंजिन पहिल्यांदा चालू करायचे. तो क्षण मी किती वेळा बघितला असेल, पण प्रत्येक वेळी माझ्या मानेवर काटा यायचा. अप्पा खिशातली विभूती काढून तीन बोटं इंजिनावर ओढायचे. मग हँडल. एक फेरा, दुसरा, तिसरा, आणि धुराड्यातून एक काळा ठिपका हवेत, मग दुसरा, मग पुक्-पुक्-पुक् असा तो आवाज नदीवरून पलीकडच्या काठाला जाऊन परत यायचा. मी मात्र इंजिनाकडं बघत नसायची. मी पळत शेताच्या वरच्या टोकाला जायची, जिथं पाइपाचं तोंड होतं. ते कोरडं असायचं. आतून आधी वारा यायचा, मग एक बेडूक, पाचोळा, आणि मग नदीच बाहेर पडायची, एवढी जाड, एवढी पांढरी. खाली अर्ध्या मैलावर लोखंडात काहीतरी पेटलेलं होतं आणि म्हणून इथं पाणी चढत होतं, हे मला अजूनही पूर्णपणे खरं वाटत नाही. इंजिनावर मी बावीस वर्षं पोट भरलं, पण ते भय गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते जावं असं मला वाटतही नाही.

सोमशेखर मामांचं इंजिन घेतलं त्या दिवशीही असंच झालं. मामा म्हणजे माझ्या आईचा, अव्वाचा, एकुलता एक भाऊ, शिरोळच्या खालच्या अंगाला त्यांचं रान. त्यांना पाच घोड्यांचं पुरलं असतं. दुकानात पाचाचं आणि आठाचं शेजारी शेजारी होतं. आठाच्या चाकावर खडूनं 'सोमशेखर' असं लिहिलेलं मला अजून दिसतं, त्यातला 'ख' जरा चिकटून गेलेला. मला नुकतंच सफाईनं वाचता यायला लागलं होतं आणि मी ते मोठ्यानं वाचल्याचंही आठवतं. अप्पांनी विचारलं, ल्हान का थोरलं? मी आठाकडं बोट केलं. त्याचं चाक माझ्या छातीएवढं होतं आणि माझं तोंड त्यात वाकडंतिकडं दिसत होतं. मामा हसून म्हणाले, "तुझ्या लेकीला थोरलंच लागतंय सगळं." दोन वर्षं त्या इंजिनानं मामांचा सगळा ऊस भिजवला. तिसऱ्या पावसाळ्यात कृष्णा चढायला लागली. नदीकाठच्या माणसांना हे काही नवं नसतं. पाणी वाढायला लागलं की सगळं काम टाकून काठावरची इंजिनं वर ओढून आणायची. त्या सकाळी मामांना दोनच गडी मिळाले. बाकीचे आपापली इंजिनं काढत होते. वर दोघं दोर ओढत होते आणि मामा खालून रेटत होते. काठाचा चिखल सुटला आणि साडेतीनशे किलोचं ते इंजिन मागं आलं. बास, एवढंच. मामांना बाहेर काढायला सहा माणसं लागली. इंजिन पाण्याखाली गेलं.

पूर ओसरल्यावर अप्पा ते इंजिन बघायला गेले आणि मीही गेले होते, का नेलं ते आता आठवत नाही. ते गाळात आडवं पडलं होतं. अप्पांनी ते कुणाशी न बोलता उभं करवलं, खोललं, तीन दिवस धुतलं, पुसलं, पुन्हा जोडलं. विभूती लावली नाही. हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला ते चालू झालं. काळे ठिपके, पुक्-पुक्, पलीकडच्या काठावरून परत येणारा आवाज, सगळं तसंच, जणू काही घडलंच नव्हतं. लेकीचं बोट लागलेलं इंजिन बंद पडत नाही, हे मला तेव्हा आठवलं. मी माझा हात परकराच्या घडीत लपवला. अप्पांनी इंजिन बंद केलं आणि ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. ती नजर मी चौतीस वर्षं उलगडते आहे. त्या वेळी अप्पा चव्वेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढेच.

त्यानंतर अप्पांनी दुरुस्त्या केल्या, पण निवड सांगितली नाही. कुणी विचारलं, अण्णा, लहान घेऊ का मोठं, की ते उठायचे आणि राख घेऊन हात धुवायला जायचे, हात स्वच्छ असले तरी. माणूस वाट बघून निघून जायचा. मला त्यांनी पुन्हा दुकानात नेलं नाही, आणि त्या बोटाविषयी एक अक्षर काढलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मला वाचवतात असं मला वाटत राहिलं. पोरगीच्या बोटानं माणूस गेला हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही, अव्वालाही नाही. मग मी माझी शिक्षा मीच ठरवली. मी सगळं लहान घ्यायला लागले. लहान सायकल, लहान स्कूटर, लहान फ्रीज, कपबश्यासुद्धा लहान. लोक मला काटकसरी म्हणतात. माझं लग्नदेखील लहानच निघालं, अडीच वर्षांचं. कपड्याच्या दुकानातही मी साडी बोटानं दाखवत नाही, हनुवटीनं दाखवते. फौंड्रीत माझी हातोडी टण्ण की ठप्प हे सांगते, म्हणून ती नोकरी मला मानवली. तिथं निवडायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं. आता अव्वाच्या गुडघ्यांनी दावा मांडला म्हणून गाडी घ्यायची ठरली. पैसे साठवले, बँकेनं होकार दिला, सगळं सुरळीत झालं, आणि अखेरीला समोर काय उभं राहिलं तर शेजारी शेजारी दोन इंजिनं.

गडमुडशिंगीला घरी आले तेव्हा अप्पा सोप्यात खाटेवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षं वय, पाठ ताठ, आणि कान पार गेलेले. चाळीस वर्षं कानात बोळाही न घालता धडधडत्या इंजिनांशेजारी काढली, त्याची ही पावती. खाटेजवळच्या खुंटीला शाळेतली पाटी टांगलेली असते आणि खडू अप्पांच्या बंडीच्या खिशात असतो. आम्ही लिहायचं, त्यांनी वाचायचं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचं. मी पाटी घेतली आणि 'लहान' एवढं लिहून पुसलं. अव्वा चुलीपुढून बघत होती.

"काय झालं गं? गाडी न्हाय ठरली?"

"इंजिन लहान की मोठं ते ठरत नाही."

अव्वानं भाकरी परतली. मग म्हणाली, "मग घिऊन जा की त्येस्नी संगं."

"अव्वा, त्यांना हा प्रश्न विचारलेला चालत नाही. तुला माहीत आहे."

"माझा भाऊ गेला," अव्वा म्हणाली, आवाज न चढवता. "मी रडलो, जेवलो, पोराबाळांचं केलं. तुमी दोघं बापलेकी चौतीस वर्सं तोंडात गूळ धरून बसलाय. आता त्ये किती दिस ऱ्हाणार हायत? न्हे."

अव्वानं 'दोघं' म्हटलं होतं. ती आत निघून गेली. म्हणजे अव्वाला सगळं दिसत होतं. मी पाटीवर लिहिलं, 'शनिवारी गाडी बघायला येता?' अप्पांनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडं बघितलं. तीच ती नजर.

"बघाय येतो," ते ओरडले. "इचारायचं न्हाय."

शनिवारी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून नेलं. त्यांनी धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि कपाळाला विभूती लावली होती. पाटी माझ्या पिशवीत होती. सम्राटनं दोन्ही गाड्या शोरूमच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या सावलीत शेजारी शेजारी लावून ठेवल्या होत्या. ते बघून मला क्षणभर शाहूपुरीतल्या ग्रीसचा वास आला. "या पावणं, पाणी घ्या," सम्राट म्हणाला. अप्पांना ऐकू आलं नाही. ते सरळ लहान इंजिनाच्या उघड्या बॉनेटपाशी गेले.

"ह्येच्यावर झाकाण कशाला?"

सम्राटनं वरचं प्लास्टिकचं आवरण काढलं. अप्पा वाकले. हाताची वीत करून त्यांनी इंजिन मोजलं. एक वीत, दुसरी, आणि दुसरी पुरती भरलीही नाही. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, म्हणून मी पाटीवर लिहिलं, '१०० घोडे.' त्यांनी ते वाचलं आणि बोटानं पाटीवरचं एक शून्य झाकून बघितलं. मी मान हलवली. नाही अप्पा, दोन्ही शून्यं आहेत. मग त्यांनी सम्राटला चालू करायची खूण केली, आणि बंडीच्या आतल्या खिशातून लाकडी मुठीचा जुना स्क्रूड्रायव्हर काढला. मी तो कितीतरी वर्षांनी बघत होते. त्यांनी त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

"अहो बाबा! बाबा, वॉरंटी जाईल!" सम्राट धावला. मी त्याचा दंड धरला. "थांबा, ते ऐकताहेत," मी म्हणाले.

कानानं ऐकू येत नसलं तरी हाडानं येतं. अप्पांचे डोळे मिटलेले होते. चालत्या इंजिनाचं कापरं पोलादातून लाकडात, लाकडातून दातांत, दातांतून कवटीत चढत होतं, आणि त्यांच्या कपाळावरची विभूतीची तीन बोटं बारीक थरथरत होती. मुठीआडून ते कन्नडात मोजत होते. ते कामावर नेहमी कन्नडात मोजायचे. "वंदू... यरडू... मूरू. वंदू... यरडू... मूरू." एक, दोन, तीन. मी लिहून दिलं नव्हतं, सम्राटनं सांगितलं नव्हतं, पण माझ्या बहिऱ्या बापानं तीन सिलिंडर दातांनी मोजले. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हा माणूस कोण आहे हे मी विसरूनच गेले होते. फक्त तो गप्प आहे एवढंच लक्षात ठेवलं होतं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला, टोक धोतराला पुसलं आणि ते बराच वेळ त्या इवल्या इंजिनाकडं बघत राहिले. चेहऱ्यावर काय होतं ते सांगते. इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यावर पाइपाच्या तोंडाशी उभी राहून मी जे तोंड करायची, तेच अप्पांचं झालं होतं.

"दोन वितीत शंभर घोडं," ते म्हणाले. ओरडले नाहीत, चक्क हळू म्हणाले. "ह्ये आसतं तर सोमशेखरनं एकट्यानं काखंत मारून वर आणलं आसतं."

मामांचं नाव त्यांच्या तोंडून मी चौतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी पाटी पुसली आणि लिहिलं. घाईत अक्षरं पहिलीतल्या पोरीची निघाली. 'शाहूपुरीत मी बोट केलं म्हणून मोठं घेतलं का?'

अप्पांनी पाटी डोळ्यांशी धरली. वाचली. लांब धरली, पुन्हा वाचली.

"खुळी का काय तू!" ते एवढ्यानं ओरडले की आवारातला गाडी धुणारा पाइप टाकून बघायला लागला. "पोरीच्या बोटानं कोण इंजान घेतंय? त्येच्यावर सोमशेखरचं नाव म्या आधीच लिवलं हुतं की खडूनं! जेच्यावर नाव आसंल त्येच्याम्होरं तुला हुभी करायचो. पोर म्होरं दिसंल त्येलाच बोट करतंय. गिऱ्हाइकाला बरं वाटतंय म्हणून करायचो त्ये."

खडू. चिकटलेला 'ख'. मी बोट करायच्या आधी ते वाचलं होतं, मोठ्यानं वाचलं होतं. ते नाव तिथं आधीपासून होतं आणि मी ते चौतीस वर्षं डोळ्यांसमोर धरूनही त्याचा अर्थ लावला नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, आधी मला लुबाडल्यासारखं वाटलं. ती पंचवीस-तीस इंजिनं, त्या गोळ्या, ते जपून ठेवलेलं बोट, त्यातलं एकही माझं नव्हतं. मामांचं मरण माझं नव्हतं, तसं नदी वर चढवणंही माझं नव्हतं. मग हळूहळू पाठीवरून काहीतरी उतरायला लागलं, साडेतीनशे किलोचं, एकेक बोट. मी लिहिलं, 'मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?'

"तू इचारलंस कवा?" अप्पांचा आवाज फाटला. "मला वाटलं तुला म्हाईत हाय. सोमशेखर सोडला तर तूच एकली हुतीस तिथं. पाचाचं पुरलं आसतं, पर म्हेवण्याला थोरलं दिऊन मिरवायचं हुतं मला. तू नाव वाचलं हुतंस. मला वाटलं, आपली चूक पोरगीनं बघितलीया, आन् माझ्यासाठी गप बसलीया. म्हणून तर तुझ्याशी त्येचं बोलाय सुदीक हुईना मला."

म्हणजे गाळातून उठवलेल्या त्या इंजिनापाशी आम्ही दोघं एकमेकांकडं माफी मागत बघत होतो, आणि दोघांनाही वाटलं होतं की समोरचा आपल्याला वाचवतो आहे. सम्राट टॅबलेट छातीशी धरून उभा होता. त्याला काही कळलं नसणार, पण त्यानं लहान गाडी बंद केली. बिचाऱ्याला तेवढंच सुचलं.

अप्पांनी डोळे बंडीच्या बाहीनं पुसले. मग मला दंडाला धरून त्यांनी दोन्ही गाड्यांच्या बरोबर मधे उभी केली. एकदा नीट बघून अर्धं पाऊल डावीकडं सरकवली, कुठल्याच गाडीच्या पुढं नको म्हणून. स्वतः लांब जाऊन आमच्याकडं पाठ करून, हायवेकडं तोंड करून उभे राहिले.

"शांभू," ते हायवेला ओरडून म्हणाले, "ल्हान का थोरलं?"

मी सम्राटला मोठी गाडी चालू करायला सांगितली. आवाज पुन्हा आला, चार पायांचा, सलग, आणि पुन्हा पोटापर्यंत उतरला. लहान इंजिनाचं मला नवल वाटत होतं आणि जन्मभर वाटत राहील. पण हे मला हवं होतं. कशासाठी ते हिशेबात सांगता येणार नाही. शाहूपुरीतल्या त्या पोरीला कुणी खरंच विचारलं असतं, तर तिनंही हेच सांगितलं असतं. मी उजवा हात वर केला. बोट सरळ व्हायला वेळ लागला. मोठ्या इंजिनाच्या गाडीकडं ते धरून मी तशीच उभी राहिले, आणि मग लक्षात आलं की अप्पांना आवाज ऐकू येत नाही आणि त्यांची पाठ माझ्याकडं आहे. मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पाटी पुढं केली. 'मोठं.'

अप्पांनी ते वाचलं. वळून मोठ्या गाडीकडं बघितलं, मग लहानीकडं. खिशातून विभूतीची पुडी काढली, मोठ्या गाडीपाशी गेले आणि चालत्या इंजिनावर, जिथं हात पोचला तिथं, तीन बोटं ओढली. मग सगळ्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मी आसतो तर ल्हान घेतलं आसतं."

चौतीस वर्षांनी अप्पांनी इंजिनाबद्दल आपलं मत सांगितलं होतं, आणि मी ते ऐकणार नव्हते.